कोळनांदूरचे अठरा टक्के

आखन, १४ ऑक्टोबर २०१३

शशीकाका,

नमस्कार. बाबा म्हणाले, पत्रात साष्टांग लिही. पण चौघांत घेतलेल्या फ्लॅटमधली माझी खोली एवढीशी आहे, की साष्टांग घातला तर पाय कॉरिडॉरमध्ये जातील. तेव्हा उभ्यानेच.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहितेय. इंग्रिडकाकू म्हणाल्या, "श्राइब इम, त्यांना लिही, ते पत्र वाचतात, कान मात्र उघडत नाहीत." अर्धं जर्मन, अर्धं मराठी. मजा वाटली.

काम असं आहे. माझी डॉक्टरेट गोदावरीच्या खोऱ्यातून वर्षाला किती पाणी वाहून जातं यावर आहे. जमिनीवर न जाता. आठशे किलोमीटर वरून एक उपग्रह दर पस्तीस दिवसांनी नदीवरून जातो आणि पाण्याची पातळी सांगतो. पण पातळी म्हणजे प्रवाह नव्हे. अमुक पातळीला किती पाणी वाहतं, ते कोणीतरी पूर्वी नदीवर उभं राहून मोजलेलं असावं लागतं. ते जुने आकडे घ्यायचे आणि आजच्या पातळीला जोडायचे. मला सापडलेलं सगळ्यात चांगलं जुनं केंद्र म्हणजे कोळनांदूर, १९६९ ते ७९. नंतर बंद पडलं.

तुम्ही जर्मनीला यायच्या आधी पाण्याच्या खात्यातच होता ना? कोळनांदूरला कोण मापं घ्यायचं, काही आठवतं का? तिथल्या आकड्यांत मला एक गंमत दिसतेय.

तुमची,
मालविका

*

बाड हॉम्बुर्ग, २१ ऑक्टोबर

मालविका,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर.

तुझं पत्र इंग्रिडने आधी वाचलं. ती मराठी दाखवते त्यापेक्षा जास्त समजते, हे ध्यानात ठेवून लिहीत जा.

मी खात्यात होतो, हो, पण १९७५ ते ७७ नाशिकला, ऑफिसात नकाशे काढत. कोळनांदूर मी पाहिलेलं नाही. तिथे कोण होतं ते ठाऊक नाही. चाळीस वर्षं होत आली, कोण लक्षात ठेवतो?

आता माझे प्रश्न. "गंमत" म्हणजे नेमकं काय? आकडे तुला कोणी दिले? तुझ्या प्रोफेसरबाईंना त्यात एवढा रस का? आणि हे सगळं छापून भारतात जाणार आहे का? तू उत्तर दे, मग मला काही आठवतंय का ते बघतो.

आठशे किलोमीटरवरून पाणी मोजता म्हणे. आम्हाला आठ फुटांवरून नीट मोजता येत नव्हतं. धन्य आहे.

थंडी वाढतेय, टोपी घाल.

शशीकाका

*

आखन, ३० ऑक्टोबर

काका,

मी १९७५ ते ७७ असं लिहिलंच नव्हतं. मी ६९ ते ७९ लिहिलं होतं. नेमकी हीच तीन वर्षं तुम्हाला कशी सुचली?

असू दे. गंमत सांगते. २३ ऑगस्ट १९७५ च्या आधी सगळं शहाण्यासारखं आहे. त्या दिवसापासून पुढे, पाण्याची पातळी तीच असली तरी प्रवाह अठरा टक्के जास्त. एकदम. जणू नदीने रात्रीतून पाणी जोरात ढकलायला सुरुवात केली. १९७७ च्या ऑक्टोबरपर्यंत असंच, मग पुन्हा जागेवर. मोठे पूर सगळे त्याच काळातले, त्यामुळे पुराच्या पाण्याचा माझा सगळा हिशेब याच आकड्यांवर उभा आहे. दुसरीकडे दोन उपग्रह एकामागे एक फिरत खोऱ्यातल्या पाण्याचं वजन करतात. पडलेला पाऊस आणि वाहून गेलेलं पाणी यांचा मेळ काही बसत नाही. नदी जास्त बोलतेय.

आकडे पुण्याच्या कपिलने दिले. कॉलेजचा मित्र, जुन्या दप्तरांचे गठ्ठे स्कॅन करायच्या कामावर आहे. प्रोफेसर म्हणते, "आल्झो, जानेवारीपर्यंत कारण शोध, नाहीतर तीनही वर्षं फेकून दे." फेकली तर पूर गेले, पूर गेले तर थीसिस गेला. नोकरीचा फर्ट्राग, म्हणजे करार, मार्चपर्यंतच आहे.

नदीचं पात्र खरवडलं गेलं असेल का? तुमचा अंदाज सांगा. नाशिकमध्ये बसून का होईना.

मालविका

*

बाड हॉम्बुर्ग, ४ नोव्हेंबर

मालविका,

पात्र खरवडलं? छे! तिथे तळाला सगळा काळा कातळ आहे, डाव्या काठाला महादेवाच्या पायऱ्यांपर्यंत. शंभर वर्षांत ते पात्र बदलणार नाही. ते कारण डोक्यातून काढून टाक.

मी सांगतो, तीन वर्षं फेकून दे. दुसरं केंद्र घे. जुनी दप्तरं उकरू नयेत. त्यातून किडे निघतात, आणि ते उकरणाऱ्यालाच चावतात.

दिवाळीचे लाडू इंग्रिडने केले होते. दगड झालेत. पाठवत नाही.

शशीकाका

*

आखन, १८ नोव्हेंबर

काका,

न पाहिलेल्या गावाच्या नदीचा तळ तुम्हाला चांगलाच पाठ आहे. महादेवाच्या पायऱ्यांसकट.

मी कपिलकडून मूळ पानं मागवली. माप घेतल्याच्या प्रत्येक पानाखाली सही आहे. "श"चा काना असा मागे वळवलेला, की शेपूटच वाटावी. माझ्या दहाव्या वाढदिवसाला तुम्ही पाठवलेलं कार्ड मी अजून ठेवलंय. शेजारी ठेवून बघितलं. तुम्हीच आहात. दोन वर्षं, दोन महिने, रोज. आणि प्रत्येक पानावर "नावेतून, करंट मीटरने" असं लिहिलंय.

मग बाबांना फोन केला. त्यांनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "शशी चार्ज न देता गेला. मागून खात्याची माणसं घरी आली होती. मीटर कुठेय म्हणून विचारत होती. तो जर्मनीहून एका ओळीचं उत्तर द्यायला तयार नव्हता." म्हणून तुम्ही दोघं भाऊ दिवाळीला पाच मिनिटं बोलता आणि फोन ठेवता, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळतंय.

आता मी काय समजू? मीटर तुम्ही पळवलंत? आणि मग घरी बसून, मनाला येईल ते आकडे भरलेत? सरळ विचारतेय, कारण आडून विचारलं की तुम्ही नाशिकला जाता.

मी सातवीत असताना तुम्ही सुट्टीवर आला होतात. टेरेसवर बादली, नळी आणि घड्याळ घेऊन तुम्ही मला वाहत्या पाण्याचं माप शिकवलंत. तिथून मी या विषयात आले. सगळ्यांना मी हेच सांगते. तो माणूस खोटी मापं लिहीत होता, हे मला पचत नाहीये. राग येतोय, आणि रडूही.

मालविका

*

आखन, ९ डिसेंबर

काका,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. शनिवारी मी तुमच्याकडे येऊन गेले. आखनहून फ्रांकफुर्ट, पुढे एस-बानची लोकल, साडेतीन तास. इंग्रिडकाकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ते कुअरपार्कमध्ये फिरायला गेलेत.

बाहेर बर्फ होता. तुमचे बूट दारात कोरडे होते. काठी स्टँडमध्ये होती. कोट खुंटीला होता. काका, तुम्ही उणे चारात पायजम्यावर आणि अनवाणी फिरायला जाता का?

मी काकूंना काही बोलले नाही. त्यांनी दिलेली कॉफी प्यायले. वरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि हवामानावर बोललो.

प्रोफेसरला मी अजून नाव सांगितलेलं नाही. "निरीक्षकाबद्दल शंका आहे" एवढंच बोलले. ती म्हणाली, मग तसंच लिही थीसिसमध्ये: आकडे बनावट असण्याची शक्यता. आठ जानेवारीला मसुदा द्यायचाय. ते वाक्य लिहून ठेवलंय. खोडायचं की ठेवायचं, तुम्ही सांगा.

मालविका

*

बाड हॉम्बुर्ग, २७ डिसेंबर

मालविका,

वाइनाख्टनला, नाताळात, सगळी जमली होती. माझी नात कुहू सात वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. तिने विचारलं, "ओपा, मालविका आली तेव्हा तू वर का लपलास?" म्हणजे घरात मी सोडून कोणाचीच फसगत झाली नव्हती. लाज वाटली. म्हणून लिहायला बसलो.

मीटर मी पळवलेलं नाही. ते गोदावरीत आहे.

कोळनांदूरला आम्ही दोघंच होतो. मी, पंचवीस वर्षांचा, नवा कोरा इंजिनियर. आणि विष्णू नावाडी, माझ्याहून थोडा मोठा, खात्यात रोजंदारीवर. काठापासून काठापर्यंत दोर बांधलेला. त्याला धरून नाव सरकवायची, आणि जागोजागी मीटर तारेने पाण्यात सोडून, त्याचा पंखा किती फिरतो त्यावरून वेग मोजायचा.

२२ ऑगस्टला पाणी चढत होतं. विष्णू म्हणाला, "साहेब, बास, माघारी जाऊ." मी म्हटलं, मधलं एक माप राहिलंय. तो पुन्हा म्हणाला. मी साहेब होतो ना! गेलो. वरून एक ओंडका आला आणि नाव उलटली. मीटरची तार माझ्या मनगटाला गुंडाळलेली, आणि मीटर मला खाली ओढत होतं. विष्णूने कमरेच्या कोयत्याने तार तोडली, माझी मानगूट धरली आणि मला महादेवाच्या पायऱ्यांवर आणून टाकलं. नाव गेली, मीटर गेलं, मी राहिलो.

आता नीट वाच. अपघात कळवला असता तर पहिला प्रश्न आला असता, सरकारी मीटरची तार कोणी तोडली? माझ्यावर फार तर शेरा बसला असता. विष्णूला कायम करायचे कागद वर गेले होते. ते फाटले असते आणि रोजंदारीही गेली असती. नावाडी, नाव उलटली, दोष त्याचाच, असंच ठरायचं. घरी सात माणसं खाणारी. मी ठरवलं, काही घडलंच नाही. नाव आम्ही गावातल्या कोळ्याची जुनी आणून रंगवली. मीटर कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर डोक्याला हात लावून बसलो होतो. पूर आला की तिथल्या बायका नदीची ओटी भरतात, खण आणि नारळ सोडतात. एक नारळ माझ्यासमोरून निघाला. जवळजवळ सगळा बुडालेला, नुसती शेंडी वर. वाऱ्याने इकडेतिकडे नाही, पाण्याबरोबर सरळ. मी घड्याळ काढलं.

ओटीचा नारळ पुन्हा काढू नये म्हणून आम्ही आमचे वेगळे घेतले, चुना फासून. काठावर साठ मीटरवर दोन खुणा. मी वर घड्याळ घेऊन, विष्णू खाली जाळं लावून. तेच नारळ पुन्हा वर आणायचे. ऊन असो, पाऊस असो, एकही दिवस चुकवला नाही. घरी बसून एक आकडा लिहिलेला नाही, हे मात्र तू मानच. खोटं एवढंच, की रकान्यात "मीटरने" लिहिलं.

आणि तुझे अठरा टक्के. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात जातं. तरंगत्या वस्तूने वेग मोजला तर त्याला शून्य पूर्णांक पंच्याऐंशीने गुणायचं असतं. मला माहीत होतं. पण मी म्हटलं, नारळ तर बुडून चालतो, त्याचा वेग हाच आतल्या पाण्याचा वेग. गुणलं नाही. अक्कलही नारळाएवढीच होती, आतून पाणी. इथे पंपांच्या कारखान्यात लागल्यावर एका नळीपाशी उभं असताना ती चूक अचानक कळली. कोणाला सांगणार? सांगायचं तर नारळ सांगायला हवा, नारळ सांगायचा तर मीटर, मीटर सांगायचं तर विष्णू.

तुझ्या बाबांना, जयंतदादालाही, म्हणूनच उत्तर दिलं नाही. एका ओळीचं उत्तर नव्हतंच ते. तुझ्या पहिल्या पत्राला वाटलं, चौकशी पुन्हा उघडली आणि तुला पुढे केलंय. माझ्या टेरेसवरच्या विद्यार्थिनीवर मी संशय घेतला. माफ कर.

सोबत खिशातली डायरी आहे. तारीख, नारळ किती, सेकंद किती. ही मी खात्यात ठेवली नाही, बरोबर आणली. का आणली, तेव्हा कळलं नव्हतं. हरवू नकोस.

तुझं वाक्य खोड की ठेव, तो तुझा अधिकार. फक्त एक कर. विष्णू असेल तर त्याला कायम केलं का, ते बघ. मी गेल्यावर एक पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. भीतीने मी दुसरं पाठवलं नाही.

शशीकाका

*

आखन, २ फेब्रुवारी २०१४

शशीकाका,

हे पत्र बसून वाचा. चष्मा लावून.

आधी आकडे, कारण तुम्हाला तेच आधी हवे असतील. डायरीतली सातशे नव्वद मापं संगणकात घातली. दप्तराशी तंतोतंत जुळली, एक सेकंद इकडे नाही की तिकडे. सगळ्यांना ०.८५ ने गुणलं. वर तरंगणारे ठिपके खाली आले आणि जुन्या रेषेवर जाऊन बसले. पावसाचा आणि वाहिलेल्या पाण्याचा मेळ बसला. मी इन्स्टिट्यूटच्या किचनमध्ये जाऊन एकटीच नाचले.

प्रोफेसरला सगळं सांगितलं. ती बराच वेळ डायरी उलटत राहिली आणि म्हणाली, "कोकोसनुस?" म्हणजे नारळ? मी म्हटलं, गेनाऊ, अगदी तोच. मग ती म्हणाली, सातशे नव्वद वेळा इतकं नेमाने मोजणारा माणूस तिला कुठल्याही मीटरपेक्षा चालेल. बनावटवालं वाक्य मी तिच्यासमोर खोडलं. काका, मी ते लिहिलं होतं याची मला शरम वाटते.

आता विष्णू. कपिल गेल्या रविवारी कोळनांदूरला जाऊन आला. ते आहेत. मोतीबिंदू झालाय, पण ताठ आहेत. त्यांच्या सुनेने, सुलेखाताईंनी, कपिलला ओट्यावर बसवलं. कपिलने विचारलं, नाव उलटली होती का? ते म्हणाले, "कोणत्या खात्याचे तुम्ही?" कपिल म्हणाला, कुठल्याच नाही. तर म्हणे, "नाव कधी उलटली नाही. साहेब रोज मीटरनंच मोजायचे. मी होतो ना नावेत." तीनदा विचारलं, तीनदा तेच. चहासुद्धा संशयानेच दिला म्हणे.

शेवटी कपिलने तुमचं पत्र मोबाइलवर काढून वाचून दाखवलं. "मानगूट धरली" इथपर्यंत आल्यावर त्यांनी हात वर करून थांबवलं. सुलेखाताईंना म्हणाले, "देव्हाऱ्याखालचं आण."

काका, मीटर त्यांच्याकडे आहे.

१९७८ च्या उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा कातळाच्या खाचेत सापडलं, तुटलेल्या तारेसकट. तोवर ते कायम झाले होते, हो, झाले होते, तुम्ही गेल्यावर सहा महिन्यांनी. मीटर ऑफिसात नेऊन दिलं असतं तर शाबासकी मिळाली असती. पण त्यांनी विचार केला, हे नदीत सापडलं म्हणून सांगितलं तर साहेबांनी दोन वर्षं कशानं मोजलं, असं विचारतील. म्हणून घरात ठेवलं. पस्तीस वर्षं. घरच्यांना सांगितलं, हे आपलं अवजार आहे. दर खंडेनवमीला कोयत्याशेजारी मांडून हळदकुंकू लावतात. कपिलने फोटो पाठवलाय, सोबत आहे. पंख्यावर कुंकवाचे थर बसलेत.

तुमचं पत्र त्यांना मिळालं होतं. उत्तर दिलं नाही, कारण पोस्टात कोणी फोडून वाचेल अशी भीती वाटली.

थीसिसमध्ये "मापं घेणारे" म्हणून तुमचं नाव घालायचंय. घालू का?

मालविका

*

बाड हॉम्बुर्ग, ९ फेब्रुवारी

मालविका,

दोन घाल. विष्णूचं आधी. नारळ त्याने पकडले, मी फक्त घड्याळ बघत होतो.

काल जयंतदादाला फोन केला. मला निम्मं ऐकू आलं नाही, पण तो ओरडत नव्हता एवढं कळलं. पाऊण तास झाला. इंग्रिड म्हणाली, एवढं मराठी तिने एका दमात कधी ऐकलं नव्हतं.

फोटो टेबलावर ठेवलाय. त्या पंख्याचा नंबर मला अजून पाठ आहे, कुंकवाखाली दिसत नाही एवढंच.

इंग्रिड म्हणते, विष्णूशी फोनवर बोल. नको. मला ऐकू येत नाही, त्याला दिसत नाही, आणि फोनवर तो मलाही विचारेल, कोणत्या खात्याचे तुम्ही? तिकीट काढलंय, पाच मार्चचं. समोर जाऊन बसतो. तो सवयीने म्हणेल, साहेब रोज मीटरनंच मोजायचे. त्याला कोणीतरी सांगायला हवं, की आता खरं बोललं तरी चालतं.

शशीकाका